मुहूर्तमेढीआधी

"आदी पोरीला इचारा, मग खड्डा खना." मांडवाच्या पहिल्या खांबावर तळवा ठेवून ती हे म्हणायची, आणि माझी माणसं पहार हातात घेऊन ताटकळत उभी राहायची.

आमच्या भिवंडीकडच्या गावांत लग्नाचे विधी गाऊन लावणारी बाई म्हणजे धवलारीण. ही पूर्णा गावची. धामणकर नाक्यावर मी मांडवाचं दुकान टाकलं, तेव्हापासूनची ओळख. माझं पहिलं सामान म्हणजे वीस बांबू आणि एक हातगाडी, म्हणून ती मला शेवटपर्यंत ‘बांबूवाला’ म्हणायची. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं.

लग्न ठरलेली जोडपी स्टेज, फुलं, रंग निवडायला यायची. ही बाकावर बसलेली असली, की माझा कॅटलॉग मिटवायची. "कापडं मागून बघा. आदी दोगांनी बसून यादी करा. घरच्यांच्या यादीत तुमचीच मानसं ऱ्हाऊन जातात. आन् त्या दिवशी पयले तुमी दोगं जेवून घ्या. उपाशी मानूस फोटोत हसतो, घरी भांडतो."

"मावशी, माझं गिऱ्हाईक पळवतेस काय?"

"पलत न्हाय रं, शानं व्हतं."

मुहूर्तमेढीच्या वेळी ती सगळ्यांदेखत नवरीला विचारायची, "बाय, तुज्या मनात हाय ना?" मुली लाजून ‘हो’ म्हणत, बायका हसत, मग हिचा आवाज लागायचा. तुम्हीही अशा दारात उभे राहिला असाल. आपल्याला तो प्रश्न विधीचाच भाग वाटतो.

माझ्या मुलीच्या लग्नात तिने तेच विचारलं. मुलगी जमिनीकडे बघत राहिली. पुन्हा विचारलं. काही नाही. तिने खांबावरचा हात काढला.

"बांबूवाल्या, पोर बोलत न्हाय. मी गाणार न्हाय."

सगळा गाव बघत होता. मी ओरडलो, "तुझं काम गायचं! गायचं नसेल तर चालती हो. डीजे आणतो!"

तिने पिशवी उचलली आणि गेली. मी माणसांना म्हटलं, "लावा खांब."

माझा राग अजून तिच्या त्या जाण्यावर आहे. मी सगळ्यांवरच ओरडतो. माझा पहिला ‘नाही’ म्हणजे घासाघीस सुरू झाली, हे कशेळीच्या गोदामवाल्यांपासून हमालांपर्यंत सगळ्यांना ठाऊक. समोरचा परत बोलतो, मी थोडा उतरतो. इतकी वर्षं ती हे बघत होती. एकदा परत बोलली असती, तर मी थांबलो असतो. थांबलो असतो, असं मला वाटतं.

दीड वर्षाने मुलगी घरी परत आली. काय सोसलं ते तिने आईलाही पुरतं सांगितलं नाही. एक दिवस म्हणाली, "बाबा, मला त्या धवलारीणबायकडे न्या."

पूर्ण्यात तिच्या घराच्या तिन्ही बाजूंना गोदामं झाली होती. दारात सून तांदूळ पाखडत होती. म्हातारी जाऊन चार महिने झाले, म्हणाली. मग तिने मला ओळखलं.

"तुमची पोर कशी हाय? म्हातारी लय इचारायची."

"बरी आहे," मी म्हणालो.

माझ्या मागे उभी असलेली मुलगी पुढे आली. "मीच ती."

सुनेने सूप खाली ठेवलं आणि तिचा हात धरून तिला आत नेलं. मला कोणी ‘या’ म्हटलं नाही. आतून रडणं ऐकू येत होतं. ते थांबेपर्यंत मी दाराबाहेर उभा राहिलो.