चौदाव्या होलचे सहा फटके

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिने मला तेव्हाच एक प्रश्न विचारला होता आणि मी त्यावर चिडलो होतो. त्याकडे येतो — जरा वेळ लागेल.

मुलुंडच्या ज्या कारखान्यात मी कॉस्टिंग, म्हणजे मालाच्या खर्चाचे हिशेब, बघतो, त्याच्या नावावर एका गोल्फ क्लबात सभासदांच्या दोन जागा होत्या. साहेबांना खेळाची हौस. त्यांनी एक जागा मला दिली, दुसरी स्टोअरच्या पास्कलला. पास्कल गोराईचा. रविवारी पहिल्या होडीने खाडी ओलांडून यायचा आणि तरी माझ्याआधी हजर असायचा.

मी प्रत्येक खेळाचे फटके वहीत लिहायचो. फटके जितके कमी, तितका खेळ चांगला. माझी दोन वर्षांची सरासरी शहाण्णव. पास्कलची नव्वदच्या आसपास.

त्र्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत तो म्हणाला, "राणे, तू नुसत्या हातांनी मारतोस. खांदा फिरव रे. आधी वाट लागेल, मग बसेल. आणि ती वही चार-सहा महिने घरी ठेव."

वही मी घरी ठेवली नाही. एकशे तीन. एकशे सात. एकशे अकरा. चेंडू झुडपात गेला की पास्कल हसायचा — पूर्वीही हसायचा, पण आता मी ते लक्षात ठेवू लागलो. मार्चमध्ये साहेबांनी सांगितलं, पुढच्या वर्षी एकच जागा ठेवणार. मे महिन्यात दोघांचा सामना, जिंकेल त्याची जागा.

फेब्रुवारीत सल्ला, मार्चमध्ये ही बातमी. स्टोअर साहेबांच्या केबिनला लागून. त्याला आधीच कळलं नसेल कशावरून? वही घरी ठेव असं का म्हणाला — आकडे मला दिसू नयेत म्हणूनच ना? मी वहीत फटक्यांशेजारी त्याचे सल्लेही तारखेनिशी लिहू लागलो. तो स्वतः तसाच खांदा फिरवतो का, हेही चोरून बघायचो. फिरवायचा. तेसुद्धा मला दाखवण्यासाठीच, असं वाटायचं.

बायको म्हणाली, "अहो, तुमचा हात बिघडवून त्याला काय मिळणार? तो तसाही जिंकतोच ना?" मी ताटावरून उठलो.

आता सामना. गोल्फमध्ये आपलं फटक्यांचं कार्ड आपण लिहीत नाही. जोडीदार लिहितो, शेवटी आपण वाचून सही करतो. खऱ्यापेक्षा जास्त फटके लिहिले गेले तर तेच धरतात. कमी लिहिले आणि सही झाली — तर खेळाडू बाद.

अठरा होलपैकी चौदाव्याला पास्कलचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात पडला. बाहेर काढायला दोन फटके गेले. एकूण सहा. मी पाच लिहिले.

हात चुकला, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. पण पेन्सिल टोकदार होती, ऊन लख्ख होतं, आणि कॉस्टिंगमध्ये मी कधी सहाचे पाच केलेले नाहीत. मी जाणूनबुजून लिहिलं.

त्याने न वाचता सही केली. "तू लिहिलंस ना? मग झालं." त्याचे खरे नव्वद, माझे एकशे आठ.

मग मी साहेबांकडे गेलो. म्हणालो, पास्कलने पाच सांगितले म्हणून पाच लिहिले. आता आठवतं, सहा होते. साहेबांनी त्याला बोलावलं. त्याने बोटांवर मोजलं. सहाच आले. माझ्याकडे बघून म्हणाला, "मी पाच बोललो?"

"बोललास."

तो चिडेल, भांडेल, मला खोटं पाडेल — माझी सगळी तयारी होती. त्याने पुन्हा एकदा बोटं मोजली. मग साहेबांना म्हणाला, "मग माझीच मोजणी चुकली असेल. राणेचा आकडा चुकत नाय."

कार्ड रद्द झालं. जागा मला मिळाली. पास्कलने खेळ सोडला. तो फटके लपवतो, असं कॅन्टीनमध्ये कुजबुजलं गेलं. मी तिथेच जेवत होतो.

ऑक्टोबरात खांदा फिरवून मारायचा माझा स्विंग बसला. ब्याण्णव, मग अठ्ठ्याऐंशी. खांद्याबद्दल तो बोलला होता ते शब्दन् शब्द खरं होतं. डब्बा खाताना कुणाकडून तरी त्याला कळलं. जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "बसला ना? बोललो होतो मी." मी हो म्हणालो.

त्या सामन्यापासून पास्कल स्टोअरची कुठलीही मोजणी एकट्याने पुरी करेना. बोल्ट असोत, बेअरिंग असोत — कागद घेऊन माझ्या टेबलाशी यायचा. म्हणायचा, "एकदा बघ रे, माझा आता भरवसा नाय." अजूनही येतो. सहा वर्षं झाली. मी एकेक ओळ तपासतो. एकदाही चूक सापडलेली नाही, आणि हे मी त्याला एकदाही बोललेलो नाही. खाली सही करतो आणि कागद परत देतो.