नसलेल्या सीझनचं भाकीत

दरवर्षी सीझन सुरू व्हायच्या आधी आम्ही तिघं दादरला भेटतो आणि आपला फुटबॉल क्लब यंदा कितवा येणार हे एकमेकांना सांगतो. तिघं म्हणजे मी, लालबागला माझ्या शेजारी राहणारे काका, आणि अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतला एक मित्र. तो शाळेत पी.टी. शिकवतो. स्टेशनजवळ एक जुनं उपाहारगृह आहे, तिथे मिसळ संपेपर्यंत कुणी उठवत नाही आणि संपली की लगेच उठवतात. म्हणून आम्ही हळूहळू खातो.

काका गिरणीच्या टीममधून राइट विंगला खेळलेले. पुढे गिरणी गेली, टीम गेली, गुडघाही गेला. अंधेरीच्या मैदानापर्यंत त्यांना सोबत हवी होती म्हणून मी पहिल्यांदा मॅचला गेले. तेव्हा मला ऑफसाइड म्हणजे काय तेही कळत नव्हतं. आता विमा ऑफिसात क्लेम तपासता तपासता आमच्या डाव्या बाजूच्या बचावाची काळजी करत बसते. नवरा म्हणतो, हे वेड उतारवयातलं आहे, जाईल. मी पन्नाशीची आहे. उतारवय म्हणे.

काकांचं भाकीत दरवर्षी एकच असतं. पहिला नंबर. एक-दोनदा ते खरं ठरलं, आणि त्याचा माज अजून उतरलेला नाही. मित्र हिशेबी आहे, 'पहिल्या चारात' म्हणून सुटतो. मी वाद घालते.

गेल्या वर्षी वाद घालायलाही काही नव्हतं, कारण सीझनच ठरेना. लीग चालवणाऱ्या, वर बसलेल्या लोकांमधले करार संपत आले होते आणि नवे होत नव्हते. आज बैठक, उद्या कोर्टाची तारीख, परवा 'लवकरच घोषणा'. क्लब सराव थांबवत होते. आमच्या पोरांनी काय करायचं, फिटनेस कसा राखायचा, हे कुणी सांगत नव्हतं. वर्तमानपत्रात क्रिकेटचं पान भरून उरलेल्या कोपऱ्यात चार ओळी यायच्या. त्या मी रोज वाचायचे आणि रोज माझा चहा कडू व्हायचा.

तरी आम्ही भेटलो. मित्राने त्या दिवशी एका क्रीडा चॅनलच्या मुलीला बोलावून ठेवलं होतं. मला आधी सांगितलं नव्हतं. पंचविशीतली, चटपटीत, खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग. म्हणाली, "फॅन्सचं प्रेडिक्शन हवंय. एकदम नॅचरल बोला."

काका म्हणाले, "पयलो." आणि मान ताठ करून कॅमेऱ्याकडे बघत राहिले.

मित्र म्हणाला, "टॉप फोर."

मी नीट बोलले. मिडफिल्डमधल्या आमच्या सगळ्यात शहाण्या माणसाचा करार संपलाय, गोलकीपर महिनोन् महिने मॅच खेळलेला नाही, नव्या कोचला टीम ओळखायला वेळ मिळणार नाही, अकादमीतल्या पोरांना आता उतरवलं नाही तर कधी उतरवणार. मिसळ निवली. मुलगी मान डोलवत होती. माझं संपल्यावर ती म्हणाली, "खूप छान, मॅडम. आता हेच एका वाक्यात?"

माझं डोकं फिरलं.

"एका वाक्यात काय सांगू? आधी सीझन द्या. सीझन आहे कुठे? भाकीत कसलं विचारतेस?" असं म्हणून मी टेबलावर हात आपटला. तर्रीची वाटी कलंडली आणि सगळी माझ्या ड्रेसवर आली.

व्हिडिओ आला तेव्हा त्यात माझं एवढंच होतं. हात आपटतेय, वाटी कलंडतेय, पुन्हा तेच सावकाश, आणि वर कुकरच्या शिट्टीचा आवाज. खाली लिहिलेलं, 'काकू ऑन फायर'. मी बोललेलं बाकी सगळं गायब. आणि काकांचं 'पयलो' दाखवून लगेच रिकाम्या मैदानाचा फोटो, त्यामागे रडकी सनई.

मित्राने तो मला हसऱ्या चेहऱ्यांसकट पाठवला. ऑफिसच्या कँटीनमध्ये एका ज्युनियरने मोठ्या आवाजात लावला. साहेब म्हणाले, "मॅडम, आधी क्लेम द्या, मग सीझन." सगळे हसले. व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, हिच्या नवऱ्याचं घरी काय होत असेल. इतक्या लोकांनी पाहिलं, पण सीझनचं काय झालं असं एकानेही विचारलं नाही. फुटबॉल बंद पडतोय हे कुणाला दिसलंच नाही, दिसली ती तर्री.

माझ्यावर हसले ते मी गिळलं असतं. काकांवर सनई वाजवलेली मला सहन होईना. ऑफिस सुटल्यावर मी थेट प्रभादेवीला त्या चॅनलच्या ऑफिसात गेले.

मुलगी मला बघून उभी राहिली. मी विचारलं, "माझं बाकीचं बोलणं कुठे गेलं?"

"मॅडम, एवढं कोणी बघत नाही."

"तू बघितलंस?"

ती म्हणाली, "कट मीच केलाय."

"लीग होणार की नाही हेच ठरलेलं नाही, हे तुला माहीत होतं?"

"मला वाटलं, होईलच. दरवर्षी होते ना."

"त्या म्हाताऱ्या माणसाची चेष्टा कशाला केलीस? ते आधी काढ."

तेव्हा ती जरा चाचरत म्हणाली, "मॅडम, काकांचा फोन आला होता मला. थँक यू म्हणाले. त्यांना आवडलाय."

मला वाटलं, थाप मारतेय. पण तिने कॉल दाखवला. नंबर काकांचाच होता. मी बाहेर पडले. रस्ताभर आता राग नेमका कुणाचा करायचा तेच कळेना, त्यामुळे तो जास्तच चढला.

घरी न जाता मी काकांचं दार वाजवलं. ते पलंगावर बसून कुणा भाच्याला फोनवर तोच व्हिडिओ बघायला सांगत होते. फोन ठेवेपर्यंत मी उभीच होते.

"काका, ते तुमच्यावर हसतायत."

"माका कळता गो. मी काय खुळो आसंय?"

"मग थँक यू कशाला म्हणालात?"

त्यांनी गुडघा चोळला. म्हणाले, "गिरणीची टीम बंद पडली ना, तेव्हा कोण हसाक पण इलो नाय. हसतत तर हसूंदे. क्लबाचां नाव तरी घेतत."

मला हे पटलं नाही. आजही पटलेलं नाही. हसं करून घेण्याच्या बदल्यात नाव मिळवायचं, हा कुठला सौदा? पण त्यांची टीम गेली होती, माझी अजून जायची होती.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला फोन केला. "काकांचं राहू दे. माझंही काढू नकोस. पण मी जे बोलले ते पूर्ण टाक." तिने टाकलं, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं. ते फारसं कुणी बघितलं नाही. काकांनीसुद्धा स्वतःचा भाग संपल्यावर बंद केलं.

शेवटी लीग झाली. उशिरा, आखूड करून, उपकार केल्यासारखी. तोवर आमचे काही खेळाडू दुसरीकडे निघून गेले होते. आम्ही पुन्हा दादरला बसलो. मित्राला मी सांगितलं, "मला न विचारता परत कुणाला बोलावलंस तर तुझ्याशी बोलणार नाही." तो म्हणाला, "अगं, मजा होती ती." मी म्हटलं, "तुझी." तो खाली बघून खायला लागला. काका 'पयलो' म्हणाले. मी 'सातवा' म्हणाले, निव्वळ रागाने.

पहिल्या मॅचला आम्ही तिघं गेलो. स्टँड अर्धं रिकामं. पोरं धावत होती पण एकमेकांना सापडत नव्हती. दोन पास नीट जायचे, तिसरा थेट बाहेर. दोष त्यांचा नव्हता. ज्यांचा होता ते कुठल्या स्टँडमध्ये बसतात मला माहीत नाही. हरलो. मित्र पुटपुटला, "तू म्हणालीच होतीस." मी म्हटलं, "गप्प बस."

मॅच संपल्यावर खेळाडू आमच्या बाजूला आले, टाळ्या वाजवत, नेहमीसारखे. अकादमीतून आलेला एक मुलगा सगळ्यांच्या मागे होता, मान वर करत नव्हता. काका गुडघा सावरत उठले, कठड्याला धरून उभे राहिले. मीही उठले आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. दात ओठ खात वाजवल्या, पण वाजवल्या.