साडीने मोजलेलं घर

पहिल्या घरासाठी सरकार जी मदत देतं, तिचे नियम सरकारपेक्षा जास्त कुणाला पाठ असतील तर ते माझ्या बायकोच्या मामांना. आणि त्या नियमांनी सगळ्यांत जास्त छळलंय तेही त्यांनाच! जळगावकडून ऐन विशीत सुरतेला आले, तेव्हापासून मामा पांडेसऱ्यात साड्या रंगवतात आणि गोडादऱ्यात भाड्याच्या एका खोलीत राहतात. घरमालक भिंतीत खिळासुद्धा ठोकू देत नाही. देवांच्या तसबिरी मामींनी पिठाच्या डब्यांना टेकवून ठेवल्यात. खिळा ठोकता येईल अशी एक भिंत, याहून मोठी मागणी मामींनी कधी केली नाही.

दर रविवारी दोघं सॅम्पल फ्लॅट बघायला निघत. बिल्डरच्या मापावर मामांचा काडीचा विश्वास नाही. पिशवीतून मामींची जुनी साडी काढायची, एक टोक मामींच्या हातात द्यायचं, दुसरं स्वतः धरायचं आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोजत सुटायचं. "हॉल पाऊण साडी, स्वयंपाकघर पदराएवढं!" एवढ्यावर भागलं तर मामा कसले? मग ते फरशीवर चक्क आडवे होत. एकदा विक्रीवाला घाबरून धावत आला, "काका, शुं थयुं?" मामा पडल्या पडल्या म्हणाले, "काही नाही रे, पाय पुरतात का बघतो!"

पण घर पसंत पडलं की नियम बदललाच म्हणून समजा. फोनवर "जवाई, नियम बदलना ना!" अशी आरोळी आली की मी कपाळावर हात मारून घेई. मामांच्या नावाने कागद जमवले, तर घर बाईच्या नावावर हवं. मामांनी हौसेने मामींचं नाव घातलं, तर कागदावरचे अर्ज बाद, सगळं ऑनलाइन. ऑनलाइन भरलं, तर योजनाच बंद! पुढे नवी आली ती नव्या अटींचं लटांबर घेऊन. अरे, माणसाने कामावर जायचं की तुमच्या खिडकीपुढे म्हातारं व्हायचं? मी असा तडकलो की मामा उलट मलाच समजावत, "जाऊ द्या जवाई, सरकारलेबी काम पाहिजे ना!"

यंदा मात्र हद्द झाली. नवरा-बायकोपैकी कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको, ही अट जुनीच. आजवर मामांनी तसं लिहून दिलं की भागत असे. आता म्हणे गावच्या ग्रामपंचायतीचा उतारा जोडा. उतारा आला, आणि त्यावर पक्क्या घराचे मालक म्हणून पहिलं नाव मामांचं! धाकट्या भावाने वडिलांचं मातीचं घर पाडून स्लॅब टाकला होता आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे थोरल्याचं नाव वर घातलं होतं. मामांना विचारलंसुद्धा नाही. यात विचारायचं काय? ज्या घरात मामा धड चार दिवस राहिले नाहीत, त्या घराने त्यांना सुरतेत बेघर ठेवायचं ठरवलं. खिडकीतल्या साहेबाने उपाय सांगितला, "हक्क सोडा, नाव काढून टाका, नवा उतारा आणा." जणू सदऱ्याचं बटण काढायचं होतं! मामा रजा टाकून गावी गेले.

तिसऱ्या दिवशी परतले, ते जुनाच उतारा घेऊन. अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती. मी भडकलोच. "मामा, भावाशी बोललात की नाही?"

"नाही बोललो," मामा म्हणाले. "त्यानं एक खोली माझ्यासाठी ठेवलीय. पोरांनाबी तिथं झोपू देत नाही. म्हणे, दादा, थकला की इकडेच ये. त्याला कोणत्या तोंडानं सांगू, उताऱ्यावरून मनं नाव काढ?"

त्या नियमावर मी आजही रोज चिडतो; मामांवर चिडायला जातो, तेवढं जमत नाही. मामांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. अर्जातला प्रश्न होता, पक्कं घर आहे का? "हो दाबा जवाई. खोटं नको." माझं बोट काही पुढे जाईना.

अर्ज मामींच्या नावाचा होता. त्यांनी पदराला हात पुसला आणि 'हो' वर बोट ठेवलं.