दोन प्रोसेसर आणि एक नारळ

यंदा खंडेनवमीला बायकोनं मुलाचा लॅपटॉप पूजेला मांडला, तेव्हा नारळ मी बाहेर अंगणात फोडला. पाण्याचा गोडसर वास आला आणि माझ्या साडूचा मोताळ्याचा स्टुडिओ आठवला.

लग्नांचे व्हिडिओ उशिरा मिळतात म्हणून त्याचं गिऱ्हाईक तुटत चाललं होतं. लग्नसराईत काम वेगानं व्हावं यासाठी त्यानं जुने भाग जमवून दोन प्रोसेसरचा कॉम्प्युटर बांधायला घेतला. कोणत्या भागाला किती वीज लागेल, हे मी पुन्हापुन्हा मोजून दिलं. त्या वर्षीच्या खंडेनवमीला जोडणी संपली. कॉम्प्युटरचा डबा अजून उघडाच होता, आणि साडूनं नेमका त्याच्यावर नारळ फोडला.

"भाऊ, पाणी आत गेलं. वाळू द्या, उद्या सुरू करू."

"तीर्थ हाय ते. त्यानं काय होते? अन् मुहूर्त आजचाच हाय."

"मशीनले मुहूर्त समजत नाही."

"तुमचं देवापुढंही गणितच चालू असते, बुवा," असं म्हणून त्यानं बटण दाबलं.

काहीतरी जळल्यासारखा बारीक वास आला. स्क्रीन उजळली. तिच्यावर प्रोसेसर एकच दिसत होता.

"झालं ना चालू?" तो म्हणाला.

तेव्हा मला त्या नारळाचा राग आला होता. आज वाटतं, नारळ एकदाच फुटला. पुढं मात्र साडू गिऱ्हाइकांना दोन प्रोसेसर सांगत राहिला, व्हिडिओ उशिराच देत राहिला आणि स्टुडिओला कुलूप लागेपर्यंत दर खंडेनवमीला त्या मेलेल्या प्रोसेसरलाही कुंकू लावत राहिला.