मुठीत माती घेऊन

माणूस चंद्रावर उतरला, त्याच साली चमन मुलाणीची शाळा सुटली. कारण एवढंच, पृथ्वी जागची हलत न्हाय असं त्यानं भर वर्गात सांगितलं.

हे काय त्याच्या मनचं नव्हतं. सयाजी वस्तादनं सांगितलतं. आणि तेबी हौद्यातली माती मुठीत घिऊन. तालमीत माती मुठीत घिऊन कुणी खोटं बोलत न्हाई. वस्ताद म्हणालता, "चमन्या, ही जमीन सगळ्याच्या मधी हाय. सूर्य, चंद्र, चांदण्या हिच्याभवती फिरत्यात. ही हलती म्हणणाऱ्याचा पाय लढतीत उखडतोय बघ." तवापास्नं चमनचा पाय कुणाला उखडला न्हाई. मग ते खोटं कसं असंल?

भूगोलाच्या मास्तरांनी टेबलावर लाकडी गोळं मांडलं. मधी सूर्य. चमन उठला.

"सर, मधी पृथ्वी पायजे."

"कोण म्हणतं?"

"आमचं वस्ताद."

"तुझा वस्ताद अडाणी आहे."

अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. चमननं सूर्यासकट सगळं गोळं खिडकीतनं भाईर भिरकावलं.

हेडमास्तर म्हणालं, "वस्तादांना घेऊन ये. त्यांनीच तसं शिकवलं असेल तर तुझा काय दोष? बस वर्गात. नाहीतर दाखला घे आणि चालू लाग."

घरात खैरुनबीनं पोराला विचारलं, "आणि तुजा वस्ताद न्हाई म्हणाला तर?"

"अम्मे, तू गप की! मरंल पर शब्द फिरवायचा न्हाई त्यो."

वस्ताद आला. कोरा फेटा, कडक इस्त्री. हेडमास्तरांनी खुर्ची दिली, चहा मागवला, मग विषय काढला. वस्तादनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"छ्या! पोरं कायबी बोलत्यात, सर. पृथ्वी सूर्याभवती फिरती, हे माझ्या म्हशीलाबी ठावं हाय."

हेडमास्तर खो खो हसलं. मग चमनकडं वळलं. "मग खोटं कोण बोलतंय रे?"

चमननं वस्तादकडं बघितलं. वस्ताद बशीत बघत हुता. चमननं नुसती हाळी दिली असती, तर वस्तादचं त्ये बोलणं ऐकल्याली तालमीतली धा पोरं साक्षीला पळत आली असती.

"मीच, सर," चमन म्हणाला.

दाखला घिऊन फाटकाशी आला, तर मागनं वस्ताद.

"लाज राखलीस पठ्ठ्या! अरं, ही शाळा कुस्तीला मास्तर घेणार हाय. माझं नाव चाललंय. अडाणी ठरून कसं चालंल? आणि ते काय, तुझा पाय घट्ट रोवावा म्हणून बोललतो मी."

"माती मुठीत घिऊन?"

"एवढं काय मनाला लावून घेतोस, खुळ्या? संध्याकाळी लौकर ये. जोर वाढवायचं हायत तुझं."

चमननं खांद्यावरचा त्याचा हात काढून खाली ठेवला.

आता त्यो ट्रकच्या बॉड्या जोडतो. मधी चहाच्या गाड्यावर एकजण वस्तादला लबाड म्हणाला, तर चमननं त्याची गचांडी धरली. चौघांनी मिळून सोडवलं. पर दसऱ्याला तालमीतली सगळी पोरं वस्तादला सोनं द्यायला जात्यात, पाया पडत्यात, तवा सुट्टीचं बंद असलेलं वर्कशॉप ह्यो एकटाच उघडतो आणि पत्र्यावर घण हाणत बसतो.