जनरल वॉर्डात एकही टोपडं पोहोचलं नाही

मैत्रिणींनो, कॉन्व्हेंट शाळेत विणकामाच्या तासाला टाका चुकला की सिस्टर सगळं उसवायला लावायच्या, आठवतं? मग आपण एकमेकींचं गुपचूप विणून द्यायचो.

आज आपण इस्पितळात सेवेला गेलो. तुम्ही केसपेपर काढून देत होतात, तेव्हा आपल्यातल्याच फिलोमिनाने आपण सगळ्यांनी विणलेली लोकरीची टोपडी स्पेशल रूममध्ये वाटून टाकली. जनरल वॉर्डात मनवेलपाड्याची एक पोर अशक्त बाळाचं डोकं ओढणीने झाकून बसली होती.

"तिकडची माणसं टोपड्याने फरशी पुसतील गं," फिलोमिना म्हणाली.

"बये, तुझी आई त्याच वॉर्डात बाळंत झाली होती!" मी वॉर्डातल्या सगळ्यांसमोर सुनावलं. मला पश्चात्ताप नाही.

आता ऐका. घरी असतील ती टोपडी उद्या सकाळी माझ्याकडे आणा. पहिली दोन त्या बाळाला, बाकी जनरल वॉर्डाला. फिलोमिनाला फक्त लोकर द्या. तिने विणावं, वाटायला मी जाईन.