सुवाच्य अक्षरातलं मृत्युपत्र

पेंटरांच्या लेकीला सगळे पेंटरबाईच म्हणत. बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या बापलेकीच्या हातच्या. वडिलांचे गुडघे गेले आणि शिडीवरचं काम, घर, त्यांचं आजारपण असं सगळंच तिच्या गळ्यात पडलं. दोघे भाऊ परगावी. फोनवर मात्र काळजी नुसती ओसंडून वाहायची.

वडिलांनी मृत्युपत्र केलं: घर मुलीला. शेजारचा शिंपी आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर यांच्यासमोर सही केली, त्या दोघांनीही साक्षीदार म्हणून सह्या केल्या. झालं ना? कसलं होतंय! शिंप्याच्या सहीवर शाई फासली होती आणि कंपाउंडरची सही म्हणजे निव्वळ किडेमकोडे. असलं गचाळ काम आपल्यामागे राहणार हे म्हाताऱ्याला सोसेना. त्याने जाड कागद आणला, समास आखला आणि अख्खं मृत्युपत्र मोत्यासारख्या अक्षरात उतरवून काढलं. साक्षीदारांच्या सह्यांसकट! मूळ कागद शेगडीत घातला.

"बघ, आता कसं डोळ्यांत भरतंय."

"वा अप्पा!" लेक म्हणाली. दोघांच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

तो पडला वडील गेल्यावर, वकीलबाईंसमोर.

"या तिन्ही सह्या एकाच हातच्या दिसतात."

"अप्पांच्याच. अक्षर छान होतं ना त्यांचं."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "मग हे मृत्युपत्र नाही, बाई. आणि खरं होतं ते त्यांनी स्वतःच जाळलं. घरात तिघांचा सारखा वाटा."

निदान त्याने तरी खऱ्या सहीची साक्ष द्यावी म्हणून ती तडक शिंप्याकडे गेली. कंपाउंडर आधीच वारला होता. शिंप्याने मशीन थांबवलं नाही. "सही केली खरी, पोरी. पण आत काय लिहिलंय ते कुठे वाचलं होतं? तुम्हा भावंडांच्यात मला ओढू नकोस."

भाऊ आले. थोरल्याने कागद खिडकीशी धरून पाहिला.

"हे अप्पांनी लिहिलं की तू? तुमचं अक्षर तर एकसारखंच."

"दादा, तोंड सांभाळ."

"मी कुठे काय म्हणतोय? कोर्ट म्हणेल."

अप्पांनी हात धरून गिरवायला लावलेलं अक्षर! तिने कागद त्याच्या हातून काढून घेतला. तेवढ्यात धाकट्याने सूर लावला, "ताई, तुला एकटीला एवढं घर कशाला?"

"अप्पांना उचलून बाथरूमला नेताना एकटीच होते. तेव्हा नाही विचारलंस, कशाला म्हणून."

"झालं, सुरू केलं उगाळायला!"

"बाकी सगळं घ्या. पुढची खोली तेवढी द्या. माझं दुकान आहे ते."

"रस्त्याला तीच तर लागून आहे," थोरला म्हणाला. "ती तुला दिली तर मागचं कोण घेणार? कोंबड्या पाळणारा?"

घर विकलं गेलं. वाट्याच्या पैशात तिला तिसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली. जिन्याच्या वळणावर मोठी पाटी अडकते, म्हणून आता ती दारांवरच्या नावांच्या छोट्या पाट्या रंगवते. तीही कामं शोधत हिंडावं लागतं.

मावशी भेटायला आली आणि डोळे पुसत म्हणाली, "भावांनी गळा कापला गं तुझा."

"त्यांनी त्यांचा वाटा नेला. गळा अप्पांनी कापला."

"गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"मग कोणाबद्दल बोलू?"

मावशीने पिशवी उचलली. त्यानंतर ती काही आली नाही, आणि पेंटरबाईनेही बोलावलं नाही.